प्लगला करंट येत नाही, म्हणजे नक्की कुठे अडतोय?

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९८४ सालची चेतक स्कूटर दीड वर्ष सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. आता किक मारून पाय दुखला तरी सुरू होत नाही. प्लग नवा टाकला, एचटी कॉइल (प्लगला जास्त व्होल्टेजचा करंट देणारी) नवी टाकली. ठिणगी कधी बारीक, पिवळट दिसते, कधी दिसतच नाही. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, पॉइंटचं (ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) सगळं काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवा. शेजाऱ्यांची प्रीमियर पद्मिनी आहे, ती तापली की बंद पडते, जमलं तर तिचंही सांगा.

नाना पेठेत मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते वस्ताद ढकलत आणलेल्या गाडीला लगेच पाना लावत नसत. आधी विचारत, "उभी करायच्या आधी कशी चालत होती?" तुमच्या चेतकचं उत्तर त्या प्रश्नातच आहे. दीड वर्षापूर्वी ती स्वतःच्या चाकांवर चालत पार्किंगमध्ये गेली. नुसती उभी राहून कॉइल सहसा मरत नाही, फ्लायव्हीलचं चुंबकही एवढ्यात उतरत नाही. उभ्या गाडीत पॉइंटच्या तोंडावर काळपट थर चढतो, जोडण्या गंजतात आणि उंदीर वायर कुरतडतात. पुण्यातल्या पार्किंगमध्ये हा तिसरा प्रकार किती आहे ते कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. म्हणजे तुम्ही बदललेल्या दोन्ही वस्तू बहुधा चांगल्या होत्या. जुनी कॉइल टाकून दिली नसेल तर जपून ठेवा.

आधी ठिणगी बघायची कशी ते. बहुतेक जण प्लग काढून कॅपमध्ये खोचतात, इंजिनला टेकवतात, किक मारतात, आणि निळं काही चमकलं की "करंट आहे" म्हणून मोकळे होतात. ही परीक्षा फार सोपी आहे. बाहेरच्या हवेत प्लगच्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फटीतून उडी मारायला ठिणगीला फारसा जोर लागत नाही. तोच प्लग सिलिंडरमध्ये, दाबलेल्या हवेत, कितीतरी जास्त व्होल्टेज मागतो. बाहेर छान दिसणारा करंट आत गेल्यावर विझतो तो यामुळेच. म्हणून प्लग बाजूला ठेवा, कॅप काढा, एचटी वायरचं उघडं टोक इंजिनच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटर लांब धरा आणि कोणाला तरी जोरात किक मारायला सांगा. निळीपांढरी ठिणगी 'चट्' असा आवाज करत ती फट ओलांडत असेल तर करंट चांगला. पिवळट, नारिंगी, केसासारखी, आवाज नाही, टोक दोन मिलिमीटरवर आणल्यावरच दिसते, तर कमजोर. हे सावलीत करा, उन्हात चांगली ठिणगीसुद्धा दिसत नाही. वायर कोरड्या, रबरी मुठीच्या पकडीने धरा. पेट्रोलचा बोळा, उघडा कार्बोरेटर असलं काही जवळ नको, आणि प्लगच्या भोकावर फडकं टाकून ठेवा. जुने लोक बोटाने करंट बघायचे, मीही बघितलाय, पण ते कौतुकाचं नाही. पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर या कामाला हातच लावू नये.

आता एक फरक नीट समजून घ्या, कारण इथेच चांगले चांगले मेकॅनिक चुकतात. तुमची चेतक मॅग्नेटोवर चालते. फ्लायव्हीलमधली चुंबकं फिरतात आणि आतल्या कॉइलमध्ये वीज तयार होते, ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. शेजाऱ्यांची पद्मिनी, जुनी ॲम्बेसेडर, पॉइंटवाली बुलेट, येझदी या बॅटरीच्या करंटवर चालणाऱ्या. दोन्हींत पॉइंट आहेत, कंडेन्सर आहे, एचटी कॉइल आहे, पण बंद करायची रीत उलटी आहे. पद्मिनीची चावी बंद केली की कॉइलचा पुरवठा तुटतो. चेतकचं इंजिन बंद करताना पुरवठा तुटत नाही, त्या लाइनला अर्थ मिळतो, म्हणजे ती गाडीच्या धातूला जोडली जाते. म्हणून पद्मिनीत वायर तुटली तर गाडी सुरू होत नाही, आणि चेतकमध्ये बंद करायची वायर कुठे सोलून पत्र्याला लागली तर सुरू होत नाही. अशी सोललेली वायर तुम्ही किक मारत असताना पूर्ण वेळ "बंद हो, बंद हो" सांगत असते.

त्यामुळे चेतकचं पहिलं काम फुकटचं आहे. उजवीकडचं बोनट काढा. इंजिनजवळ ज्या ठिकाणी वायरी एकत्र येतात तिथून हँडलकडे जाणारी इंजिन बंद करायची वायर सोडवा, टोक कशालाही लागणार नाही असं ठेवा आणि किक मारा. ठणठणीत करंट आला तर मॅग्नेटो, कॉइल, पॉइंट सगळं बरं आहे, आजार त्या वायरमध्ये किंवा स्विचमध्ये आहे. हँडल वळतं तिथे आणि वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे आधी बघा. उंदरांनाही तीच जागा आवडते. फक्त वायर सोडवलेली असताना इंजिन सुरू झालं तर ते बटणाने बंद होणार नाही, चोक ओढून किंवा गिअरमध्ये ब्रेक दाबून बंद करावं लागेल. हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्याकडे एका पोराने अशी सुरू झालेली स्कूटर बंद कशी करायची म्हणून अख्खं दुकान डोक्यावर घेतलं होतं.

याने फरक पडला नाही तर पॉइंट. तुमच्या बाबतीत माझा रुपयातला बारा आणे संशय इथेच आहे. पंख्यावरचं कव्हर काढलं की फ्लायव्हीलला खिडकी दिसते. हाताने फ्लायव्हील फिरवा, खिडकीतून पॉइंट उघडताना आणि मिटताना दिसतील. तोंडं करडी, मंद दिसत असतील तर तो वर सांगितलेला थर. हा डोळ्यांना नाममात्र दिसतो, पण पॉइंट मिटूनसुद्धा मिटत नाहीत, मधे न दिसणारा कागद घातल्यासारखं होतं. बारीक पॉलिश पेपरची अर्धा इंच पट्टी, दुमडून दोन्ही बाजूंनी खरखरीत केलेली, मिटलेल्या पॉइंटमधून दोन-तीन वेळा ओढा. जाडा पेपर नको, कानस तर अजिबात नको. त्यानंतरचं काम बरेच जण विसरतात: पेपरची धूळ आत राहते आणि तीच पुन्हा आडवी येते. जुनी लग्नपत्रिका किंवा व्हिजिटिंग कार्ड घ्या, कोरी, गुळगुळीत नसलेली बाजू असलेलं, पेट्रोलमध्ये किंचित ओलं करून पॉइंटमधून ओढा, मग कोरडं ओढा. कार्डावर काळी रेघ उमटेल. रेघ उमटायची थांबेपर्यंत नवीन जागा धरून ओढत राहा. नवे कोरे पॉइंट बसवतानासुद्धा हे करायचं, कारण पाकिटातून येताना त्यांच्यावर तेलाचा पातळ हात असतो. "नवीन पॉइंट टाकले तरी करंट नाही" या तक्रारीतल्या निम्म्या तरी गाड्या मी एका कार्डावर सुरू केल्या आहेत.

मग गॅप. पॉइंट सगळ्यात जास्त उघडलेले असताना फिलर गेजने साधारण ०.४ मिमी. पॉइंटची जी फायबरची टाच कॅमवर घासते ती झिजत जाते, आणि झिजेल तसा गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे जातं. गॅप जवळजवळ बुजला तर करंट कमजोर होतो किंवा जातोच. उलट गॅप जास्त ठेवला तर पॉइंट मिटून राहायचा वेळ कमी पडतो, पुढच्या ठिणगीसाठी कॉइल पुरती भरत नाही, आणि वेगात गाडी मिसिंग मारते. टाच कोरडी असेल तर कॅमला तेल पुरवणाऱ्या फेल्टच्या तुकड्याला तेलाचे दोन थेंब, तेवढेच. ग्रीस थापलं की ते उडून पॉइंटवर बसतं.

खिडकीतून बघताना पॉइंट तेलकट, ओले दिसले तर नुसतं पुसून भागणार नाही. मॅग्नेटोच्या बाजूचं ऑइल सील गेलेलं असतं. आज पुसून गाडी सुरू होईल, चार दिवसांनी पुन्हा तेच. सील बदलायला फ्लायव्हील काढावं लागतं, त्यासाठी योग्य पुलर वापरा. फ्लायव्हीलवर हातोडा मारणाऱ्याला गाडी देऊ नका. धक्क्याने चुंबक कमजोर होतं, क्रँक वाकतो, आणि ज्या आजारासाठी गेलात त्याच्यापेक्षा मोठा घेऊन येता. फ्लायव्हील काढलंच आहे तर क्रँकवरची अर्धचंद्राची चावी (फ्लायव्हील ठरलेल्या जागी धरणारा छोटा तुकडा) बघून घ्या. ती चेपली किंवा तुटली असेल तर करंट उत्तम असूनही चुकीच्या वेळी येतो, किक उलटी बसते.

कंडेन्सरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण डबी एवढीशी, किंमत कॉइलच्या तुलनेत काहीच नाही, आणि त्याच्यामुळे लोक कॉइलवर कॉइल बदलतात. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला करंट एका क्षणात तुटायला हवा. जितका झटकन तुटेल तितकी एचटीची ठिणगी जोरदार. कंडेन्सर नसेल तर तो करंट पॉइंटच्या फटीतूनच उडी मारत रेंगाळतो, पॉइंट जळतात आणि प्लगच्या वाटेला उरलंसुरलं येतं. तुम्ही सांगितलेली बारीक, पिवळट ठिणगी याची खूण असू शकते. अंधारात फ्लायव्हीलच्या खिडकीतून बघा. पॉइंटमध्ये अगदी बारीक चमक चालते, पण वेल्डिंगसारखी निळी भक्क ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर आतून तुटलाय किंवा त्याची अर्थ नीट नाही. तो आतून शॉर्ट झाला असेल तर उलट होतं, पॉइंटमध्ये काहीच चमकत नाही आणि प्लगलाही काही नाही, कारण पॉइंट उघडले तरी लाइन अर्थच राहते. कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर असेल तर आकडा ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडच्या आसपास यायला हवा. पण थंड कंडेन्सर मीटरवर पास झाला म्हणून तापल्यावरही पास होईल असं नाही.

इथेच शेजाऱ्यांची पद्मिनी येते. तापल्यावर बंद, अर्धा तास थांबलं की सुरू, हे कंडेन्सर नाहीतर कॉइलचं लक्षण आहे. पेट्रोलची वाफ होऊन अडकणं आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजणं याचंही तेच लक्षण आहे, म्हणून अंदाज करायचा नाही. बंद पडल्या पडल्या, इंजिन गरम असतानाच, करंट बघायचा. थंड होऊ दिली की पुरावा गेला. एकदा जेजुरीला जाताना दिवे घाटात अशीच एक पद्मिनी माझ्या ताब्यात आली, घरातले सगळे रस्त्याकडेला छत्र्या धरून बसलेले. कॉइलच्या मधल्या वायरला करंट जेमतेम, पॉइंटमध्ये भक्क चमकतंय. माझ्या पेटीत स्कूटरचा एक जुना कंडेन्सर होता. त्याची वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला जोडली, डबी तारेने इंजिनच्या बोल्टला आवळली. पहिल्या स्टार्टरला गाडी सुरू. जेजुरी करून ती त्याच लटकत्या कंडेन्सरवर पुण्याला परत आली. ही युक्ती मूळ कंडेन्सर आतून तुटला असेल तरच चालते. शॉर्ट झाला असेल तर आधी त्याची वायर सोडवावी लागते.

बॅटरीवाल्या गाडीत हत्यार एकच लागतं: १२ व्होल्टचा छोटा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला क्लिप. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. क्लिप इंजिनला, दुसरं टोक कॉइलच्या त्या टर्मिनलला जिथून वायर डिस्ट्रिब्युटरकडे (प्लगांना पाळीने करंट वाटणारा डबा, पॉइंट त्यातच असतात) जाते. चावी चालू करा आणि पंख्याचा पट्टा धरून इंजिन हळूहळू फिरवा. पॉइंट उघडले की बल्ब पेटला पाहिजे, मिटले की विझला पाहिजे. पेटतो-विझतो म्हणजे एलटी (कमी व्होल्टेजची) बाजू ठीक, पुढे कंडेन्सर, एचटी कॉइल, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर यांच्याकडे जा. कायम पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटूनही अर्थ मिळत नाही: तोंड मळलेलं, आतली वायर तुटलेली किंवा पॉइंटच्या प्लेटची अर्थ गेलेली. कायम विझलेलाच असेल तर बल्बचं टोक कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलला लावा. तिथेही अंधार म्हणजे चावी, फ्यूज किंवा वायर. तिथे उजेड असेल तर कॉइल आतून तुटलीय, नाहीतर पॉइंटकडची लाइन कुठेतरी शॉर्ट आहे. डिस्ट्रिब्युटरकडची वायर सोडवून पुन्हा बघितलं की कोणतं ते कळतं. ही बल्बची युक्ती चेतकवर करू नका, मॅग्नेटोची कॉइल स्वतःच अर्थला जोडलेली असते, बल्ब काही सांगणार नाही. आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जाते.

मी स्वतः खाल्लेला मार सांगतो. एका ॲम्बेसेडरला दोन कॉइल, एक कंडेन्सर आणि पॉइंटचे दोन सेट घातले. गाडी आयडलला गोड चालायची आणि पिकअप घेतला की मिसिंग. तिसऱ्या दिवशी वस्ताद आले, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, व्हॅक्यूमच्या नळीला तोंडाने ओढ दिली आणि मला म्हणाले, बघ. ओढ दिली की पॉइंटची प्लेट सरकते, आणि प्लेटला अर्थ देणारी तांब्याची विणलेली वीतभरसुद्धा नसलेली वायर वरून अखंड, आतून तुटलेली. प्लेट सरकली की टोकं लांब जायची. तेव्हापासून डिस्ट्रिब्युटर उघडला की त्या वायरला आणि पॉइंटकडे जाणाऱ्या वायरला मी चिमटीत धरून हलकं ओढून बघतो. तुटलेली वायर रबरासारखी लांबते.

पद्मिनीत याशिवाय बघायचं म्हणजे कॅपच्या मधला कार्बन (स्प्रिंगवर मागेपुढे व्हायला हवा), कॅपच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ, आणि रोटरला तडा. अशी रेघ खरवडून जात नाही, कॅप बदला. पावसाळ्यात खंडाळ्याच्या धुक्यात बंद पडणाऱ्या गाड्यांचं बहुतेक हेच असतं. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून कॅपवर आणि एचटी वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. जिथून करंट गळतोय तिथे निळे धागे नाचताना दिसतील. वायरी काढल्यात तर सिलिंडरांना ठिणगी द्यायचा क्रम १-३-४-२, पद्मिनीलाही आणि ॲम्बेसेडरलाही. स्टार्टर फिरताना करंट नाही पण चावी सोडता सोडता इंजिन एकदम पेट घेतं, असं असेल तर बॅटरी मोजा. स्टार्टर फिरत असताना ती साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर कॉइलला दोष देऊ नका.

आरएक्स १००, सीडी १००, कायनेटिक होंडा वगैरे सीडीआयवाल्यांसाठी (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक डबा असलेल्या) एवढंच: पॉइंट नाहीत, पण बंद करायची वायर सोडवून बघणं तिथेही पहिलं. मग कनेक्टर उघडून साफ करा. सीडीआयचा डबा मीटरने नीट तपासता येत नाही, चालत्या गाडीचा लावून बघणं हाच उपाय. या गाड्यांत एचटी वायर अधांतरी ठेवून किक मारू नका, डबा जाऊ शकतो.

परत चेतककडे. पॉइंट, कंडेन्सर झालं, तरी करंट कमजोर असेल तर प्लग कॅप पिळून काढा, वायरचं टोक पाच मिलिमीटर कापून ताजं तांबं उघडं करा, आणि वायरवर आणि कॅपवर वेगवेगळा करंट बघा. वायरला जोरदार आणि कॅपला मेलेला असेल तर कॅपच बदला. शेवटी तुमची जुनी कॉइल परत लावून बघा. नवी वस्तू म्हणजे चांगली वस्तू असं सुट्या भागांच्या बाजारात राहिलेलं नाही. पाकिटातून खराब निघालेले कंडेन्सर मी मूठभर काढून ठेवलेत. म्हणून कंडेन्सर घ्यायला नाना पेठेत जाल तेव्हा जुना सोबत न्या, लांबी, व्यास आणि वायर ताडून बघा आणि दोन घ्या. रविवारी जुन्या बाजारात मूळचा, वापरलेला मिळाला तर तोही मी नव्याआधी लावून बघीन.

करंट ठणठणीत झाला आणि तरीही सुरू झाली नाही तर दीड वर्षाचं पेट्रोल टाकीतून काढून टाका, कार्बोरेटरचा जेट फुंका. स्कूटर आडवी करणं वगैरे त्यानंतरचं. त्याने पेट्रोल उतरतं, करंट येत नाही. इलेक्ट्रॉनिक किटला माझा विरोध नाही, चांगलं बसवलं तर पॉइंटची कटकट संपते. पण तुमची बंद करायची वायरच पत्र्याला लागलेली असेल तर किटलाही ती तितक्याच इमानदारीने बंद ठेवेल. आधी ती वायर सोडवा, मग कार्ड ओढा. एवढं करायला अर्धा तास लागतो.